गुड्डू, घोडा आणि संक्रांतीचा पतंग: एका प्रकरणाची नोंद

पार्श्वभूमी

मी नागपुरात बौद्धिक अक्षम प्रौढांच्या एका कार्यशाळेत स्पेशल एज्युकेटर आहे. घोड्यावर बसवायची थेरपी कुठे मिळते हो, असं विचारणारा एखादा तरी पालक दर महिन्याला भेटतोच आणि मग मी फोनवर हीच कहाणी अर्धवट सांगते, म्हणून एकदाची पूर्ण लिहून टाकतेय. नावं बदललीत. घोडीचंसुद्धा बदललंय, तिची परवानगी मात्र घेतलेली नाही.

गुड्डू २२ वर्षांचा. डाऊन सिंड्रोम, मध्यम बौद्धिक अक्षमता, बोलणं दोन-तीन शब्दांचं पण मुद्द्याचं. अठरा वर्षांचा झाला तशी स्पेशल स्कूल संपली आणि तेव्हापासून घरीच. वडिलांचं होलसेलचं दुकान, आई घरी, बहीण लग्न होऊन पुण्याला. सकाळी ११ ला उठायचा, उठला की मोबाईल, आणि मोबाईलवर काय तर वरातीतल्या घोड्यांचे व्हिडिओ. उंची पाच फूट, वजन ७६ किलो. आमच्या कार्यशाळेत दोनदा आणून पाहिलं, दोन्ही वेळा ऑटोतून उतरलाच नाही, ऑटोवाल्याला म्हणाला "चल घर".

घोड्याचं वेड जुनं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो, लेकरं लाकडी बैल सजवून नेतात (मुंबई-पुण्याकडच्यांना हे माहीत नसतं म्हणून सांगितलं), तर गुड्डूच्या आईने सांगितलं की त्याचा लाकडी बैल पहिल्यापासून "घोडा"च, आणि कुणी बैल म्हटलं की रडायचा. त्यात वडिलांना व्हॉट्सअ‍ॅपवर कुठल्यातरी परदेशातला व्हिडिओ आला, हेल्मेट घातलेली मुलं घोड्यावर हसताहेत, खाली लिहिलेलं "चमत्कार". दुसऱ्या दिवशी आई-वडील दोघं माझ्यासमोर. पोळा होऊन आठवडा झाला होता.

अडचण

वडिलांच्या मते अडचण एकच, पोरगा घरात बसून राहतो. आईची वेगळीच, आमच्यानंतर याचं काय. मला दिसत होतं ते तिसरं, चार वर्षांत या मुलाला कुणी एकही काम दिलेलं नव्हतं. हे मी तेव्हा बोलले नाही. का नाही बोलले तर मलाही तो व्हिडिओ आवडला होता, खोटं कशाला बोलू.

थेरपीबद्दल थोडं सांगून टाकते कारण यात फार घोळ होतो. हिप्पोथेरपी म्हणजे फिजिओ, ऑक्युपेशनल किंवा स्पीच थेरपिस्ट घोड्याच्या चालीचा उपचारासाठी वापर करतात. घोडा संथ चालताना त्याची पाठ बसणाऱ्याची कंबर पुढे-मागे, डावी-उजवी हलवते आणि किंचित फिरवतेसुद्धा, म्हणजे आपण स्वतः चालताना कंबर जशी हलते जवळजवळ तशीच. ज्यांचे स्नायू सैल आहेत, तोल कच्चा आहे त्यांना याचा उपयोग होतो. थेरप्युटिक रायडिंग वेगळी, तिथे ट्रेनर माणूस स्वारीच शिकवतो, फक्त विद्यार्थ्याला झेपेल तशी. आमच्या ओळखीतल्या रायडिंग क्लबचे सर दुसऱ्या प्रकारातले. उपचार करणारे नव्हेत, हे मी वडिलांना सांगितलं, त्यांनी "हो हो" केलं आणि घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं की पोराला ट्रीटमेंट लावली.

पहिला निर्णय: मान

डाऊन सिंड्रोममध्ये सांध्यांचे बंध सैल असतात आणि काहीजणांत मानेचे वरचे दोन मणके एकमेकांवरून सरकतात. अशा माणसाला घोड्यावर बसवलं आणि एक झटका बसला तर मज्जारज्जूलाच इजा. म्हणून मी अट घातली की डॉक्टरांचं पत्र आल्याशिवाय काही नाही. वडील चिडले. पण गेले.

हाडांच्या डॉक्टरांनी मान पुढे वाकवून आणि मागे नेऊन एक्स-रे काढले. दोन मणक्यांमधलं अंतर साडेचार मिलिमीटरच्या वर असलं तर सावध व्हायचं असतं, गुड्डूचं त्याच्या आतच होतं. पण डॉक्टरांनी एक गोष्ट फार चांगली केली, आईला समोर बसवून सांगितलं की एक्स-रे म्हणजे कायमचा पास नाही. चालणं बदललं, हातातली पकड गेली, मान वाकडी धरायला लागला, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, यातलं एकही दिसलं तर घोडा त्याच दिवशी बंद आणि इकडे या. आईने ते कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलंय, अजून आहे.

त्याच डॉक्टरांनी विचारलं की थायरॉइड शेवटचं कधी पाहिलं. कधीच नाही. पाहिलं तर टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात हे वाढतं) बरंच वाढलेलं. डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉइड कमी पडणं खूप कॉमन, आणि त्याने वजन वाढतं, सुस्ती येते, माणूस पडून राहतो. म्हणजे आम्ही सगळे ज्याला आळशी म्हणत होतो तो काही प्रमाणात आजारी होता. गोळी सुरू झाली. आता पुढे जी काही सुधारणा सांगणार आहे त्यात या गोळीचा वाटा किती आणि घोड्याचा किती हे मला वेगळं काढता येत नाही, आणि जो कुणी काढून दाखवेल त्याच्यावर माझा विश्वास नाही.

अजून एक भानगड निघाली. फॉर्मवर पालक म्हणून वडिलांनी सही केली, पण मुलगा २२ वर्षांचा. अठरानंतर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, त्यासाठी नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. यांनी केलाच नव्हता. तो अर्ज लावला, आणि सोबत मी गुड्डूलाही चित्रांची कार्डं दाखवून विचारलं. एका कार्डवर घोड्यावर बसलेला माणूस, एकावर घोड्याला ब्रश करणारा, एकावर नुसतं घर. त्याने पहिल्या दोन्हींवर हात ठेवला. आम्ही त्यातलं पहिलंच वाचलं.

समोर होते ते पर्याय

कुठला घोडा, हा खरा प्रश्न होता.

वडिलांचं म्हणणं, ओळखीचा वरातीवाला आहे, डीजेपुढे उभी राहते त्याची घोडी, गर्दीला भीत नाही, स्वस्तात होईल. ऐकायला बरोबर वाटतं. पण ती घोडी ढोल वाजला की नाचायला शिकवलेली, आणि तोंडात काटेरी लगाम. काटेरी लगामाला १९६५ च्या नियमांपासून बंदी आहे, तरी वरातीत सर्रास दिसतो. दुखतंय म्हणून थांबणाऱ्या जनावरावर मी कुणालाच बसवणार नाही. हा पर्याय तिथेच संपला.

क्लबवर राणी होती. १४ वर्षांची घोडी, मध्यम चणीची, अंगावर माशी बसली तरी आधी विचार करून मग शेपूट हलवणारी. सगळ्यांना तीच हवी होती. सरांनी टेप काढला, छातीचा घेर १६५ सेंटिमीटर, लांबी १५०. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०, म्हणजे साधारण ३४४ किलो. घोड्याने सामानासकट आपल्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंतच न्यावं असा ढोबळ हिशेब असतो, म्हणजे ६९ किलो. गुड्डू तेव्हा गोळीने उतरून ७३ वर आलेला, वर गादी आणि स्वाराने धरायची मूठ असलेला पट्टा मिळून तीन किलो. झाले ७६. शिवाय तोल न सांभाळणारा स्वार पाठीवर जास्त जड पडतो. सर म्हणाले नाही म्हणजे नाही.

लहान मुलांच्या थेरपीत हा प्रश्न येतच नाही, म्हणून कुणी बोलत नाही. मोठ्यांच्या बाबतीत पहिला अडसर हाच.

उरला बादल. रेसमधून रिटायर झालेला, १६ हात उंच. घोड्याचा एक हात म्हणजे चार इंच, तेव्हा नुसता खांदाच पाच फूट चार इंचांवर. वजन साडेचारशेच्या घरात, म्हणजे गुड्डू आरामात चालतो. स्वभाव तसा बरा पण कान सतत फिरते. आणि दोन्ही बाजूंनी स्वाराला धरून चालणारे जे साइड वॉकर असतात त्यांचा हात अशा घोड्यावर कंबरेपर्यंत पोचत नाही, मांडीपर्यंतच पोचतो.

चौथा पर्याय होता की वजन उतरेपर्यंत बसवायचंच नाही, राणीसोबत खालूनच काम करायचं. सर दोनदा बोलले हे. वडिलांनी तीन महिन्यांची फी आधीच भरलेली, आणि मी म्हटलं की डिसेंबर-जानेवारीची थंडी गेली तर पुढे नागपूरचं ऊन, मग थेट पावसाळा, सीझन वाया जाईल. बादल ठरला. त्या टेबलावर मी एकटीने जरी नाही म्हटलं असतं तरी ते थांबलं असतं.

काय केलं

धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. क्लबच्या घोड्यांची ग्लँडर्सची रक्ततपासणी झालेली होती, त्याचा कागद पाहिला (तो रोग माणसालाही होतो, पालकांनी हा कागद मागायला लाजू नये). डिसेंबरच्या तिसऱ्या शनिवारपासून सकाळी साडेसातला सुरू केलं. पायऱ्यांच्या लाकडी ओट्यावरून वर चढवायचं, पुढे सईस (घोड्यांची देखभाल करणारा) चाचा दोर धरून, डावीकडे मी, उजवीकडे एक व्हॉलंटियर. दहा मिनिटं, फक्त संथ चाल.

पहिले तीन शनिवार चांगले गेले. पहिल्या दिवशी मूठ इतकी घट्ट धरलेली की बोटं पांढरी, तिसऱ्या दिवशी एक हात सोडून आईला टाटा केला, वडिलांनी व्हिडिओ काढला, नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला आणि मला दिवसभर अभिनंदनाचे मेसेज.

चौथा शनिवार

संक्रांत तीन दिवसांवर. नागपुरात राहून ज्याला संक्रांतीच्या आठवड्यात आकाशाकडे बघायचं सुचत नाही तो वेडा, आणि मी इथलीच जन्मलेली.

उजवीकडची व्हॉलंटियर कॉलेजची मुलगी, तिचा दुसराच दिवस. तिसऱ्या फेरीत एक कटलेला पतंग भिंतीवरून आत आला आणि बादलच्या उजव्या पायाजवळ फडफडत पडला, मागून "ओ काट" करत दोन पोरं भिंतीवर. बादल डावीकडे उडाला, फार नाही, दीड पाऊल असेल. त्याचा खांदा मला लागून मी मागे गेले, ती मुलगी घाबरून हात सोडून सरकली, आणि गुड्डू उजवीकडे घसरला, एक पाय वर, एक हात मुठीत, अर्धा लोंबकळत. चाचाने तीन पावलांत घोडा उभा केला. त्या मुलीने भानावर येऊन खांदा लावला, मी पलीकडून धावत आले, आणि दोघींनी मिळून त्याला खाली घेतलं. उंच घोड्यावरून ७० किलोच्या माणसाला कसं उतरवायचं याची आम्ही एकदाही प्रॅक्टिस केलेली नव्हती. ती पहिल्या दिवसाच्या आधीच करायची असते, मला माहीत होतं.

खरचटलंही नव्हतं. चड्डी ओली झाली होती. तो काहीच बोलला नाही, हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं आणि गाडीत जाऊन बसला. मानेसाठी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवलं, सगळं ठीक. पोरांच्या हातात मांजा असेल तर घोड्याच्या पायाचं काय झालं असतं हे मला रात्री आठवलं.

दुसरा निर्णय: पुन्हा न्यायचं का

वडील म्हणाले, "सायकलवरून पडते तं काय सायकल सोडते का कोणी? उद्याच न्या." आई म्हणाली, "बाप्पा, राहू द्या आता." मी कार्डं काढली. गुड्डूने बसलेल्या माणसाचं कार्ड उलटं करून ठेवलं आणि घरावर बोट ठेवलं. तीन आठवडे तेच.

तुटलेली हिंमत परत आणायला लगेच बसवावं असं स्वारीतले जुने लोक सांगतात. त्यात तथ्य असेलही, पण ते स्वतःहून स्वारी शिकायला आलेल्याला. गुड्डूला चार वर्षांत पहिल्यांदा स्वतःचं "नाही" इतकं स्पष्ट सांगता आलं होतं, ते मोडायचं का? मोडलं नाही. हा एक निर्णय मला अजूनही बरोबर वाटतो.

फेब्रुवारीत आईचा फोन. मोबाईलमध्ये क्लबवरचे फोटो बघताना तो एका फोटोवर थांबतो म्हणे, कोपऱ्यात राणी बांधलेली आहे त्या. "छोटी घोडी" म्हणतो. मग तळहात खाली दाबून दाखवतो आणि म्हणतो, "वर नाही."

त्याच शनिवारी नेलं. पहिल्या दिवशी दहा फुटांवर उभा राहिला आणि परत आला. दुसऱ्या वेळी गाजर, तळहात सपाट ठेवून. तिसऱ्या वेळी चाचाने त्याच्या हातात खरारा दिला, मानेपासून सुरू करायचं, गोल गोल, मग पाठ, मग पोट, पायाला लोखंडी खरारा नाही, तिथे मऊ ब्रश. आठ मिनिटं केलं. मार्च संपेपर्यंत चाळीस मिनिटं सलग, मधे मोबाईल न मागता. मी सात चित्रांचा तक्ता करून खांबाला लावला, चंदीचं (घोड्याच्या दाण्याचं) माप, पाणी, खरारा, लीद उचलणं असा, आणि महिन्याभरात त्याने तक्त्याकडे बघणं सोडलं.

चाचाचा एक नियम आहे, घोड्याच्या मागून जायचं तर पाठीवर हात ठेवून, हात सरकवत जायचं, म्हणजे तिला कळतं की आपण आहोत. गुड्डूने तो पहिल्याच दिवशी उचलला. पंधरा दिवसांनी आई हसत सांगत होती, स्वयंपाकघरात ती ओट्याशी उभी असली की हा मागून जाताना तिच्या पाठीवर हात ठेवून, सरकवत जातो.

वडिलांना मात्र हे काही पटेना. "मॅडम, घोड्यावर बसवायले पैसे दिले अन् आमचं लेकरू लीद उचलून राह्यलं." वाईट वाटलं ऐकून, कारण त्यांच्या जागी बसलं की तसंच दिसतं. मी त्यांना एका अभ्यासाचं सांगितलं. अमेरिकेत कोलोरॅडोमधला, २०१५ साली प्रसिद्ध झालेला, ऑटिझम असलेल्या ६ ते १६ वयाच्या मुलांचा. एका गटाला १० आठवडे घोडेस्वारी, दुसऱ्या गटाला तबेल्यातलंच शिक्षण पण खऱ्या घोड्याशिवाय. स्वारीच्या गटात चिडचिड आणि अतिचंचलपणा जास्त कमी झाला. वडील म्हणाले, मग पहा, स्वारीच चांगली ना! बरोबर होतं त्यांचं, माझंच उदाहरण माझ्यावर उलटलं. पण त्या मुलांची अडचण चिडचिड होती, यांच्या मुलाची अडचण रिकामपण. आणि त्या अभ्यासात वय जास्तीत जास्त सोळा, आपण बावीसच्याबद्दल बोलतोय.

या विषयावरच्या प्रत्येक भाषणात लिस हार्टेलचं नाव येतं, मीही घेते. डेन्मार्कची, पोलिओने पाय कमजोर झालेले, घोड्यावर चढायला-उतरायला मदत लागायची आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली करून घ्यायच्या स्पर्धेचं, रौप्यपदक. गोष्ट खरी आणि भारी आहे. फक्त ती ऐकली की प्रत्येक पालकाला आपलं मूल वर बसलेलंच दिसतं.

पुढे काय झालं

एप्रिलपासून वेळ सकाळी साडेपाच ते सात. नवतपात (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) पूर्ण बंद ठेवलं, तेव्हा तो पाच वाजता उठून बॅग घेऊन सोफ्यावर बसायचा आणि आईची झोप मोडायची.

जुलैपासून आठवड्यातून चार दिवस जातो. सरांनी महिन्याला १,२०० रुपये सुरू केले, रक्कम फार नाही, पण पाकिटात मिळते आणि तो ती आईला न देता चाचाला चहा पाजायला काढतो. क्लबवरून परत येताना ऑटो कार्यशाळेवरून जातो, ऑगस्टमध्ये एक दिवस स्वतःच उतरला. आता तीन दिवस येतो, फाइल बनवायच्या टेबलावर बसतो, अंगाला घोड्याचा वास येतो म्हणून बाकीचे कुरकुरतात. वजन ६७.

वाईट बाजू पण सांगते. चाचा गावाला गेला की गुड्डू कामच करत नाही, दुसऱ्या सईसाचं ऐकत नाही. म्हणजे जमलंय ते एका माणसावर उभं आहे. मोबाईल दुपारी अजून तेवढाच. पालकत्वाच्या अर्जाचं काम अजून चालूच.

परत करायचं झालं तर

थायरॉइड आधी बघेन, घोडा नंतर. पहिले दोन महिने कुणालाही वर बसवणार नाही, मग फी भरलेली असो की सीझन जात असो. साइड वॉकरचा हात कंबरेला पोचत नसेल तर तो घोडा त्या स्वाराचा नाही, एवढं साधं. नवीन व्हॉलंटियरला रिकाम्या घोड्यासोबत चार दिवस चालवेन आणि खाली उतरवायची प्रॅक्टिस वाळूचं पोतं घेऊन का होईना आधी करेन. जानेवारीचा दुसरा आणि तिसरा आठवडा सुट्टी.

आणि कार्डांवर दोन हात ठेवले होते तेव्हा दोन्ही वाचेन.

मागच्या महिन्यात सर म्हणाले, ६७ अधिक गादी तीन, ७० झाले, राणीला एकच किलो जास्त आहे, थोडं थांबून एकदा बसवून बघायचं का. वडील तिथेच होते, त्यांचा चेहरा खुलला. मी कार्डं काढली. गुड्डूने ब्रशचं कार्ड स्वतःकडे ओढलं, घोड्यावर बसलेल्या माणसाचं कार्ड उचलून वडिलांच्या हातात दिलं आणि म्हणाला, "पप्पा, तू बस."

पप्पांचं वजन ८८.